काय ते समजून द्या

महाडात माणसाला स्वेटर लागतो तो जन्मल्यावर पहिले तीन महिने. पुढे तो महाबळेश्वरला गेला तर गोष्ट वेगळी. मार्चपासून घाम, जूनपासून पाऊस, आणि पाऊस आवरला म्हणून हुश्श करावं तर ऑक्टोबरात परत घाम. अशा गावात कुणी लोकरीच्या सुया हातात धरून चार पैसे मिळवील, हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. पण आमच्या काकूंच्या सुया बारा महिने चालू असतात, कारण बाळं बारा महिने जन्माला येतात. बाळ भर मे महिन्यात आलं तरी बाळंतविड्यात स्वेटर, टोपडं, मोजे आणि कुंची हवीच. बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत ते बिचारं लोकरीत गुंडाळलेलं, लालबुंद. आजी वर म्हणणार, "वारं लागेल हो!" वारं कुठे आहे, हे आजीला विचारायची सोय नाही. घरातली मोठी माणसं त्याच वाऱ्याची वाट बघत दारात बसलेली असतात.

शेजारच्या पोलादपूरकरांचं स्वेटर घेण्याचं कारण जरा तरी पटण्यासारखं आहे. आंबेनळी घाट चढला की चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, जवळजवळ साडेचार हजार फुटांवर. त्यामुळे तिकडून मोठ्या मापाच्याही ऑर्डरी येतात. बहुधा जायच्या आदल्या आठवड्यात. याशिवाय मुंबईला गेलेले, पुण्याला गेलेले, आणि पार कॅनडाला गेलेले आहेतच. त्यांना थंडी खरी असते, फक्त माप कधीच खरं नसतं. "साधारण आपल्या बंड्याएवढं कर" असं कळवतात. तो बंड्या कुठला आणि आता केवढा, हे काकूंनी ओळखायचं.

इथपर्यंत सगळं आनंदात चालतं. अडतं ते पैशांपाशी. काकूंच्या ओटीवर होणारी बोलणी मी पेपरच्या आडून पुष्कळदा ऐकली आहेत. माणसं बदलतात, संवाद तोच.

"काकू, किती द्यायचे?"

"अगं, तुझ्याकडून काय घ्यायचे?"

"असं नाही हं. मेहनत आहे तुमची."

"मेहनत कसली, बसल्या बसल्या होतं."

"तरी सांगाच तुम्ही."

"तू काय ते समजून दे."

मग समोरची समजून देते. आता समज ही वस्तू देवाने गावात सारख्या मापाने वाटलेली नाही. कुणी दोनशे एक समजतं, कुणी दीडशे एक. तो वरचा एक रुपया पाकिटाला चिकटून आला की ओळखावं, आपली मजुरी उठून आहेराच्या पंगतीत जाऊन बसली. मजुरीबद्दल निदान तोंड वाकडं तरी करता येतं. आहेर डोळ्यांना लावून घ्यावा लागतो. शिवाय आहेर म्हटला की परतफेड आली. चार दिवसांनी बारशाचं आमंत्रण येतं, "काकू, स्वेटर तुमचा, तेव्हा तुम्हाला यायलाच हवं." काकू ठेवणीतलं पातळ नेसून, महाड स्टँडवरून एसटी धरून पोलादपूरला जातात. बाळाच्या हातावर एकशे एक ठेवतात आणि पेढा खाऊन परत येतात. लोकर त्यांची, हात त्यांचे, तिकीट त्यांचं. हिशेब केला तर बाळाने स्वेटर घातल्याबद्दल काकूंनीच बाळाला काहीतरी दिलेलं निघतं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. रायगड जिल्ह्यातल्या विणकामाला मिळालेलं माझ्या माहितीतलं एवढंच सरकारी अनुदान.

जी मंडळी पाकीट देत नाहीत ती ओटी भरतात. नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस. नारळाची चटणी होते, तांदळाचा भात होतो. ब्लाउजपीसचं कधीही काहीही होत नाही. तो कपाटात जातो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या कुणाच्या ओटीत पडतो. काकूंना एकदा जांभळ्या रंगाचा, सोनेरी बुट्टीचा असा पीस मिळाला की तो त्यांनीच दोन वर्षांपूर्वी दिलेला होता. घडीसुद्धा त्यांचीच. एवढ्या हातांतून फिरून अंगाला न लागलेला कपडा आणि न फाटलेली नोट सारखीच म्हणायची. फरक एवढाच की दुकानदार नोट घेतो.

हे आपल्याकडेच आहे असं मला वाटत होतं. पण स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत, तिथल्या बायका अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणायच्या. व्यापारी शाल घ्यायचा आणि पैशांऐवजी चहा किंवा कापड द्यायचा. बाई तो चहा घेऊन पिठासाठी दारोदार. शेवटी इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७२ साली बायकांच्या साक्षी काढल्या. ते पुढे कायदे करून मोकळे झाले. आमच्याकडे आयोग बसायचा तर साक्ष द्यायला येणाऱ्या बायकाच आयोगाची ओटी भरतील.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉस्टिंगच्या टेबलावर बसतो. एका पिंपाला माल किती, मजुरी किती, वरकड किती, हे पैशापर्यंत काढणं हा माझा धंदा. माझ्याच घरात एवढा मोठा उत्पादन विभाग तोट्यात चाललेला बघवेना. म्हणून मी एका रविवारी वही घेतली आणि काकूंना टाके मोजायला लावले.

नवजात बाळाचा स्वेटर. बॉर्डर बारा नंबरच्या सुयांवर, पुढचं अंग दहा नंबरवर. पाठीला साठ टाके आणि ऐंशी ओळी, म्हणजे ४,८०० टाके. पुढचे दोन भाग मिळून तेवढेच. चाळीस टाक्यांच्या पन्नास ओळी अशा दोन बाह्या, ४,०००. गळपट्टी आणि बटणपट्टी धरली की बेरीज १४,४०० च्या आसपास जाते. सराईत हात मिनिटाला वीसेक टाके घालतो. म्हणजे बारा तास झाले नुसत्या सुयांचे. त्यावर भाग जोडायचे, बटणं लावायची, धाग्यांची टोकं आत दडवायची, धुऊन पाटावर पसरून आकाराला आणायचं, त्याचे तीन तास. एकूण पंधरा. हे सगळं बोलत असताना काकू विणतच होत्या. मी मधेच काही विचारलं की त्या डावा हात वर करायच्या आणि ओठांतल्या ओठांत छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न म्हणत ओळ संपवूनच माझ्याकडे बघायच्या. एकदा मी हात न बघता बोललो, तर ती ओळ पुन्हा मोजली गेली. तो वेळ मी हिशेबात धरला नाही. तो माझ्या नावे पडला.

आता या पंधरा तासांना दर कोणता लावायचा? कारागिराचा म्हटलं तर भांडण होईल, म्हणून मी सरकारने ठरवलेला अगदी खालचा घेतला. रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने उभी केलेली आणि नंतर देशभर गेलेली योजना. तिची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. पंधरा तासांचे ५८५. सव्वाशे ग्रॅम लोकर, बटणं आणि रिबीन यांचे दीडशे. बेरीज ७३५. यात नफा नाही, सुयांचा घसारा नाही, काकूंच्या उजव्या खांद्याला लागणारं मलम नाही. आणि उसवण तर नाहीच. आमच्या कारखान्यात केलेलं काम पुन्हा करावं लागलं तर त्यासाठी बैठक भरते आणि बिस्किटं येतात. काकू एक सुस्कारा टाकतात आणि धागा ओढतात. वीस ओळी, अर्ध्या मिनिटात.

मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला याच रीतीने साठेक हजार टाके पडतात. नुसते सुयांचेच पन्नास तास. आमच्या काकांना लग्नानंतर एकच स्वेटर का मिळाला, याचा उलगडा मला त्या रविवारी झाला.

मी ७३५ चा आकडा वहीत चौकोनात मांडून काकूंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला आणि म्हणाल्या, "एवढे पैसे मागायचे? मला चोर म्हणतील." पंधरा तासांचे दीडशे एक देणाऱ्यांना काय म्हणायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

तसे दुसरे मार्गही लोकांनी काढून बघितले आहेत. पोलादपूरच्या एक मावशी गुंड्यावर पैसे घेतात. जेवढे गुंडे विणले तेवढी मजुरी, रोख हिशेब. ऐकायला सोपं. पण गुंडा वजनाचा असतो. जाड लोकर दोन संध्याकाळांत संपते. तलम लोकर तेवढ्याच वजनात लांबच्या लांब निघते आणि टाके दुप्पट खाते. म्हणजे काम जितकं नाजूक तितका तासाचा भाव कमी. मावशींनी धडा घेतला. त्या आता तलम लोकर बघितली की म्हणतात, "हा रंग बाळाला खुलायचा नाही."

वजनाचा हिशेब पावसाळ्यात फायद्याचा पडेल, अशी एक शंका मला आली होती. मेंढीची लोकर हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पिते आणि तरी हाताला कोरडी लागते. आमच्या हवेत तर श्रावणात भिंतीसुद्धा पाणी पितात. पण तीही आशा खरी नव्हे. बाजारात जिला आपण लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिकची असते. तिचा मेंढीशी संबंध पुड्यावरच्या चित्रापुरता. ती ओलावा पीत नाही, नुसता कुबट वास धरते.

काहीजणी लोकरीच्या किमतीएवढीच मजुरी लावतात. मग गिऱ्हाईक स्वस्तातली लोकर आणून देतं आणि वर सांगतं, "लोकर आमची आहे, तुम्हाला फक्त विणायचंय." लग्नाला मुलगी आमची आहे, तुम्हाला फक्त आयुष्यभर सांभाळायचीय, असं म्हटल्यासारखं.

आणि या सगळ्यावरचा हुकमी एक्का म्हणजे स्टँडजवळचा दीडशेचा स्वेटर. "काकू, तिकडे तयार दीडशेला मिळतो हो." मिळतो की! यंत्रावर निघालेला, लुधियानाहून आलेला. वीरेश्वराच्या छबिन्याच्या जत्रेत तर त्याहून खाली येतो. गंमत म्हणजे काकूंची लोकरसुद्धा लुधियानाचीच. एकाच गावाहून निघालेले दोघे भाऊ महाडात येऊन एकमेकांचा भाव पाडतात. मी काकूंना सांगून ठेवलं, की त्या बाईला सरळ म्हणावं, घे जाऊन तो. काकू म्हणाल्या, "ती तो घेतच नाही रे. तो दाखवते आणि माझा मागते."

उशिराबद्दलही हीच मंडळी बोलतात. आमच्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्यातून वाट काढत, धूळ खात, दोन तास उशिरा पोचलेली बाई ओटीवर पदर झटकते आणि विचारते, "काकू, बुधवारी देते म्हणाला होतात, आज शुक्रवार ना?" रस्त्याला मुदत वाढवून मिळते, दरही वाढवून मिळतो. बाळ तेवढ्यात मोठं झालं तर स्वेटरला मात्र वाढीव दोन इंच फुकट विणून द्यावे लागतात.

कौतुकाला कुणी कमी करत नाही, हे मान्य करायलाच हवं. "काय हात आहे!" "मशिनला लाजवेल!" "हे तुम्ही पुण्यात विकलंत ना काकू, तर हजारो रुपये मिळतील!" हे शेवटचं वाक्य म्हणणारी बाई स्वतः दोनशे एक देऊन निघालेली असते. हजारो रुपये देण्याचं पुण्य तिने मोठ्या मनाने पुणेकरांसाठी राखून ठेवलेलं असतं.

आमच्या तालुक्याला या कौतुकाची परंपरा जुनी आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रात्रीच कडा उतरून घरी आली. शाळेत आम्हाला ही गोष्ट दरवर्षी होती. महाराजांनी कड्यावर बुरूज बांधला, तिला साडीचोळी देऊन तिचा मान केला, असं सांगतात. तिच्या नावाचा बुरूज आहे, एसटीची गाडी आहे. पण त्या दिवशी दुधाला काय भाव मिळाला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी शाळेत विचारलं होतं. गुरुजींनी मला बाकावर उभं केलं. पुढे मी कॉस्टिंगमध्ये गेलो, यात कुणाला नवल वाटलं नाही.

शेवटी मी गिरणीवाल्याकडे बघून सुचवलं. दळणाचे दर पाटीवर लिहिलेले असतात. ज्वारी इतके, तांदूळ इतके. कुणी पीठ हातात घेऊन "समजून देते" म्हणत नाही. शिंप्याकडेही पाटी असते. मग आपणही लावू. पांढऱ्या पुठ्ठ्यावर मी ठळक अक्षरात लिहिलं: स्वेटर ७५०, टोपडं १५०, मोजे १००, कुंचीचे विचारून. ती पाटी ओटीवर, गणपतीच्या कॅलेंडरखाली टांगली.

पाटी सगळ्यांना आवडली. प्रत्येकीने वाचली, अक्षराचं कौतुक केलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "हे बाहेरच्यांसाठी ना?"

आता महाड-पोलादपुरात बाहेरचं कोण? काकूंचं माहेर एका गावात, सासर दुसऱ्या, आजोळ तिसऱ्या, आणि तिन्हींकडच्या मुली आजूबाजूला दिलेल्या. जिच्याशी नातं निघत नाही ती शेजारीण निघते. शेजारीण नसली तर तिच्या नवऱ्याने आमच्या काकांबरोबर एकाच वर्गात मार खाल्लेला असतो. महिनाभर पाटीखाली व्यवहार झाले आणि पाटीच्या दराने एकही झाला नाही. पाटीमागे पाल राहायला आली, एवढाच तिचा उपयोग.

बाहेरचं असं एकच गिऱ्हाईक मिळालं, तेही नावाला. पोलादपूरची सून, राहणार टोरांटो. तिने फोनवर भाव विचारला. मी शेजारीच उभा होतो म्हणून काकू डोळे मिटून "साडेसातशे" म्हणाल्या. पलीकडून उत्तर आलं, "बरं. दोन करा." तासाभरात तिच्या सासूच्या फोनवरून दीड हजार जमासुद्धा झाले. काकूंना त्या रात्री झोप लागली नाही. काहीच बोलली नाही, म्हणजे नक्की काय? रागावली असेल का? दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाची समजूत घालायला दोन टोपडी विणली. मग टोपड्यांना शोभतील म्हणून मोजे. पार्सलात जागा उरली म्हणून कोकम आणि कुळथाचं पीठ. वहीत मांडलं तेव्हा दिसलं, की पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक आम्हाला दीडशे एकवाल्यांपेक्षा महाग पडलं होतं.

रीतीबाहेरच्या गिऱ्हाइकाचं नवल मात्र काकूंनाच वाटतं असं नाही. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील रायगडावर आला होता. त्याला आणि त्याच्या माणसांना मटण पुरवणारा खाटीक चांगला म्हातारा होता. इंग्रज परत निघाले तेव्हा तो मुद्दाम त्यांना बघायला गेला, अशी नोंद त्या लोकांनीच करून ठेवली आहे. वर्षानुवर्षांत खपलं नाही इतकं मटण खाणारी माणसं दिसतात तरी कशी, ते त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. काकूंनी टोरांटोवालीचा फोटो मागवून घेतला आहे.

पाटी मी काढली. पालीची अडचण झाली, पण इलाज नव्हता. दर ठरवायचं काम काकूंनी आता स्वतःकडे घेतलं आहे आणि त्यांची रीत कॉस्टिंगच्या कुठल्याच पुस्तकात नाही. त्या लोकर, माप, टाके काही बघत नाहीत. समोरची काय बोलते ते ऐकतात. नुसतंच "काकू, स्वेटर हवाय" म्हणणारीला साडेसातशे. "तुमचा वेळ तरी जातो" म्हणणारीला पन्नास वर. "घरचंच आहे" म्हणणारीला शंभर वर, कारण घरच्या मंडळींकडून वसूल व्हायला दिवाळी उजाडते. मला वाटलं होतं, हे चालणार नाही. परवा पेपरच्या आडून ऐकलं ते असं:

"काकू, तुमचं काय, टीव्ही बघता बघता होऊन जाईल!"

"होईल की. टीव्ही बघत केला तर साडेआठशे पडतील. न बघता केला तर साडेसातशे."

"अगंबाई, असं का?"

"मालिकेत कुणीतरी रडायला लागलं की टाका सुटतो. मग उसवायचं, परत घालायचं. त्या उसवणीचे शंभर."

बाई विचारात पडली. तिने एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा सुयांकडे, आणि पर्स उघडली.

"मग न बघताच करा बाई," ती म्हणाली, आणि शंभर रुपये वाचवल्याच्या आनंदात पाचशेची नोट आगाऊ देऊन गेली.